बायोडेटा कुठल्या टॅगात बसवायचा?

डावीकडे ठळक अक्षरात "उंची", उजवीकडे "५ फूट ४ इंच". वेबवर कुठंही जा, हा प्रकार दिसतोच. लाइट बिल, पीएनआर स्टेटस, मोबाईलची स्पेसिफिकेशन्स, सातबारा, कुरिअरचं ट्रॅकिंग, सगळीकडे एक नाव आणि त्याच्यासमोर त्याची माहिती. आणि इतकी साधी गोष्ट एचटीएमएलमध्ये (वेबपानं ज्या खुणांनी लिहितात ती भाषा, त्या खुणा म्हणजे टॅग) लिहायची वेळ आली की दहा डेव्हलपर दहा तऱ्हांनी लिहितात, कुणी एका डिवमध्ये दोन स्पॅन (हे दोन्ही स्वतःचा काही अर्थ नसलेले नुसते डबे) टाकतं, कुणी पॅरेग्राफमध्ये स्ट्राँग (अक्षर ठळक करणारा टॅग) आणि पुढे कोलन, कुणी टेबल, आणि कुणी तर एडिट फॉर्ममधलेच इनपुट डिसेबल करून तेच "व्ह्यू पेज" म्हणून खपवतं. स्क्रीनवर सगळं सारखंच दिसतं, त्यामुळे कोड रिव्ह्यूत कुणी हूं की चूं करत नाही.

सध्या मी एका वधू-वर सूचक मंडळाची साइट नव्याने करतेय. तिथे मुख्य पान म्हणजे अर्थातच लग्नाचा बायोडेटा. आणि खरं सांगू का, लेबलवाल्या माहितीचं मार्कअप, म्हणजे टॅगांची मांडणी, समजून घ्यायला बायोडेट्याइतकं भारी उदाहरण मी तरी दुसरं बघितलेलं नाही. नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ, उंची, वर्ण, शिक्षण, नोकरी, वार्षिक उत्पन्न, रास, नक्षत्र, चरण, गण, नाडी, देवक, आई-वडील, भाऊ, बहीण, मामा, नातेसंबंधातली आडनावं आणि शेवटी अपेक्षा. कागदावर सगळं एका खाली एक कोलन देऊन लिहिलेलं असतं म्हणून एकाच जातीचं वाटतं, पण नीट बघितलं तर प्रत्येक ओळीची तऱ्हा निराळी.

माझं म्हणणं एवढंच आहे की टॅग निवडताना "हे दिसणार कसं" हा प्रश्न बाजूला ठेवा, तो सीएसएसचा, म्हणजे पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या भाषेचा आहे, आणि "वाचणारा याचं करणार काय" ते आधी बघा. एकाच मुलीची किंवा मुलाची माहिती वरपासून खालपर्यंत वाचणार? चार-पाच स्थळं शेजारी शेजारी मांडून बघणार? त्यात काही भरणार? की नुसता मजकूर म्हणून वाचणार? उत्तर बदललं की टॅग बदलतो, जरी माहिती तीच असली तरी.

आधी कोलनचं बघू, कारण आपल्याकडे सगळी भिस्त त्याच्यावरच. लोक म्हणतात की "उंची" पुढे कोलन दिला ना, मग कळतंच की पुढे उंची आहे. डोळ्यांना कळतं हो. पण मंडळाकडे जुने बायोडेटे वर्ड फाइलमध्ये आणि व्हॉट्सॲप मेसेजमध्ये पडलेले असतात, ते साइटवर आणायचे म्हटलं की पहिला मोह होतो तो कोलनवर ओळ तोडायचा, डावीकडचं लेबल आणि उजवीकडची व्हॅल्यू. आता ही ओळ बघा, "निवास: स्वत:चा फ्लॅट". यात कोलन दोन आहेत. दुसरा खरं तर विसर्ग हवा होता पण टाइप करणाऱ्याला कीबोर्डवर विसर्ग सापडला नाही, त्याने कोलन दाबला, आपल्यापैकी बरेच जण "दु:ख" पण असंच टाइप करतात. दुसरी ओळ, "जन्मवेळ: पहाटे ४:१०". इथे पण दोन. आणि तिसरी ओळ याच्या बरोबर उलट, "शिक्षणः बी.ई.", इथे कोलनच्या जागी विसर्ग पडलाय, दिसायला जवळपास तोच, पण कॉम्प्युटरच्या लेखी एक चिन्ह युनिकोडमध्ये ००३ए वर आहे आणि दुसरं ०९०३ वर, त्यामुळे स्क्रिप्टला या ओळीत तोडायला काही सापडतच नाही. स्क्रीन रीडरचा (दृष्टी नसलेल्यांना पान वाचून दाखवणारा प्रोग्राम) मराठी आवाज तर तो विसर्ग समजून उच्चारायला जातो, "शिक्षणह". म्हणजे ज्या ठिपक्यांच्या जोरावर आपण लेबल आणि माहितीची जोडी लावली म्हणतो, त्या ठिपक्यांचाच भरवसा नाही.

स्ट्राँगचं पण तसंच. स्ट्राँगचा अर्थ "हे महत्त्वाचं आहे" एवढाच, आणि बहुतेक स्क्रीन रीडर तो डिफॉल्ट सेटिंगमध्ये उच्चारत पण नाहीत. ते ठळक अक्षर कुठल्या माहितीचं लेबल आहे हे त्यातून कुणालाच कळत नाही, ब्राउझरला नाही, सर्चला नाही, ऐकणाऱ्याला नाही.

आता डीएल, म्हणजे नाव आणि माहितीच्या जोड्यांची यादी, त्यात डीटी हे नाव आणि डीडी ही माहिती. हा टॅग पुष्कळांना माहितीच नसतो किंवा "तो जुना ग्लॉसरीवाला" म्हणून सोडून दिलेला असतो. जुना आहे खरा. १९९१ मध्ये वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत एचटीएमएल टॅगांची जी पहिली यादी केली त्यात डीएल, डीटी, डीडी हे तिन्ही होते, तेव्हा ना इमेजचा टॅग होता ना टेबलचा. एचटीएमएल ४ पर्यंत त्याच्याकडे व्याख्यांची यादी म्हणून बघायचे, आणि गंमत म्हणजे त्या स्पेसिफिकेशनमध्ये (नियमांच्या अधिकृत दस्तऐवजात) नाटकातले संवाद पण डीएलमध्ये लिहायची आयडिया दिलेली होती, पात्राचं नाव डीटीत आणि वाक्य डीडीत. एचटीएमएल ५ ने (२०१४ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची अधिकृत शिफारस झाली ती) संवादांना नाही म्हटलं, पण बाकी दार चांगलं उघडं केलं. आता स्पेसिफिकेशन सरळ म्हणतं की नाव आणि त्याच्या व्हॅल्यू असे गट असतील तर डीएल वापरा, मग त्या व्याख्या असोत, मेटाडेटा असो की प्रश्नोत्तरं असोत. बायोडेटा यात अगदी फिट्ट.

आणि डीएलची खरी मजा "मामा" या ओळीत येते. मामा एक नसतो ना. दोन मामा, तीन मामा, प्रत्येकाचं नाव, गाव, कुठे नोकरीला ते सगळं. स्पॅनवाल्या पद्धतीत लोक एकतर सगळे मामा स्वल्पविराम देऊन एका ओळीत कोंबतात किंवा "मामा १", "मामा २" अशी लेबलं करतात. डीएलमध्ये एका डीटीखाली पाहिजे तेवढे डीडी देता येतात, "मामा" एकदाच लिहायचं आणि खाली तीन डीडी. उलटही चालतं, दोन डीटी आणि एक डीडी, म्हणजे "मूळ गाव" आणि "जन्मस्थळ" दोन्हीचं उत्तर "वाई" असेल तर दोन लेबलांना मिळून एक उत्तर देता येतं (मी नाही तसं करत, वाचणारा गोंधळतो, पण नियमात बसतं). एकाच डीएलमध्ये तेच नाव दोनदा डीटी म्हणून येऊ नये असंही स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलंय, म्हणजे "मामा" डीटी तीन वेळा लिहिणं नको. भाऊ, बहीण, आत्या सगळ्यांना हेच लागू.

आडनावांची ओळ अजून वेगळी. "नातेसंबंध: जगताप, शितोळे, मोहिते, काळभोर" अशी दहा-बारा आडनावं असतात आणि स्थळ बघणारी आजी सगळ्यात आधी तेच वाचते. इथे मी एक डीडी ठेवते आणि त्याच्या आत साधी यूएल (बुलेटवाली यादी), कारण ही दहा स्वतंत्र उत्तरं नाहीत, ही एक यादी आहे आणि ती यादी हेच उत्तर. कुणी म्हणेल डीडीच दहा कर, तेही चुकीचं नाही. एक मात्र लक्षात ठेवा, यूएलचे बुलेट सीएसएसने काढून टाकले तर सफारीत व्हॉइसओव्हर (ॲपलचा स्क्रीन रीडर) त्याला यादी मानायचंच बंद करतो, ते ॲपलने मुद्दाम केलेलं आहे, म्हणून गरज असेल तिथे रोल (हा टॅग काय आहे ते सांगणारी खूण) म्हणून लिस्ट परत लिहावं लागतं. काय म्हणावं याला.

डीएलचे नियम तसे थोडे आहेत पण मोडणारे भरपूर. डीटीच्या आत हेडिंग चालत नाही. "कौटुंबिक माहिती", "पत्रिका" अशी जी सेक्शनची नावं असतात ती डीएलच्या मध्येच एचथ्री म्हणून घुसवता येत नाहीत, प्रत्येक सेक्शनचं हेडिंग बाहेर आणि खाली त्याचा वेगळा डीएल असं करायचं. डीटी आहे आणि त्याला डीडीच नाही असं चालत नाही, आणि हे बायोडेट्यात रोज होतं, कारण "मंगळ" पुढे लोक काही लिहीतच नाहीत किंवा नुसती रेघ मारतात. रेघ स्क्रीन रीडर कधी वाचतो कधी गिळतो. माझ्या मते एकतर ती जोडीच दाखवू नका, नाहीतर शब्दांत "नमूद केलेलं नाही" लिहा. मंगळाच्या बाबतीत मी दुसरं करते, कारण तिथे रिकामी जागा दिसली की लोक स्वतःच्या मनाने काय ते समजून घेतात आणि मग फोनवर फोन.

आणि डिव. पूर्वी डीएलच्या आत डीटी-डीडीशिवाय काही चालायचं नाही, त्यामुळे एकेका जोडीला बॉर्डर द्यायची किंवा कार्डासारखी मांडायची म्हटली की नाकी नऊ यायचे आणि लोक वैतागून डीएल सोडून द्यायचे. आता प्रत्येक गट एका डिवमध्ये गुंडाळायला परवानगी आहे, डब्ल्यूथ्रीसीच्या २०१७ च्या एचटीएमएल ५.२ मध्येही ती आली. फक्त अर्धे गट डिवमध्ये आणि अर्धे उघडे असं नको, आणि डिवच्या आत अजून एक डिव घालून त्यात डीटी असंही नको. फ्रेमवर्कवाले कंपोनंट (तयार कोडचे तुकडे) इथेच घात करतात, प्रत्येक कंपोनंट आपला एक डिव घेऊन येतो आणि कुणाला पत्ताच नसतो.

सीएसएसचं म्हणाल तर ब्राउझर डीडीला डावीकडून चाळीस पिक्सेलचं मार्जिन देतो, ते बघूनच पुष्कळ जण "ई, हे काय" म्हणून पळून जातात. मार्जिन शून्य करा आणि ग्रिड (ओळी-कॉलमची मांडणी) लावा, पहिला कॉलम लेबलाच्या रुंदीएवढा, दुसरा उरलेली जागा. डिव गुंडाळले की ग्रिड तुटतो, पण आता सबग्रिड (आतल्या डब्यांनाही बाहेरचेच कॉलम वापरू देणारा) आहे, फायरफॉक्समध्ये २०१९ पासून, सफारीत २०२२ पासून आणि क्रोममध्ये २०२३ मध्ये आला, म्हणजे रडायचं कारण संपलं. मराठीत एकच काळजी, आपली लेबलं लांब असतात, "गण" आणि "नातेसंबंध जुळलेली आडनावं" एकाच कॉलममध्ये आली की सगळ्यात लांब लेबल सगळ्यांची जागा खातं आणि फोनवर उत्तराला दोन बोटं जागा उरते. फोनवर सरळ एकाखाली एक करा. कोलन हवाच असेल तर सीएसएसने डीटीच्या शेवटी लावता येतो, पण तो कॉपी होत नाही, आणि बायोडेटा तर लोक कॉपी करून व्हॉट्सॲपवर फिरवणारच, म्हणून मी "व्हॉट्सॲपवर पाठवा" असं वेगळं बटण दिलंय, त्यातून कोलनसकट साधा मजकूर जातो.

आता टेबल. मंडळाचं काम बघणारे काका पहिल्या दिवसापासून म्हणत होते, "अगं ते टेबल कर ना छान, कागदावर असतं तसं, चौकटीत." म्हटलं काका, चौकट तुम्हाला डीएलला पण काढून देते. तसं एका माणसाच्या बायोडेट्याला दोन कॉलमचं टेबल केलं तर आकाश कोसळत नाही. डाव्या कॉलममध्ये टीडीऐवजी (साधा सेल) टीएच (शीर्षकाचा सेल) हवा, त्याला स्कोप रो (हे त्या ओळीचं शीर्षक आहे असं सांगणारी खूण) हवा, वर कॅप्शन हवं, एवढं असेल तर ते टेबल नीट वाचता येतं. काही लोक टेबल दिसलं की "लेआउटला टेबल वापरू नका" म्हणून अंगावर येतात, ते वेगळं प्रकरण होतं, तेव्हा अख्खं पान टेबलात बसवायचे. ही माहिती आहे, लेआउट नाही. पण एका माणसाला टेबल करून मिळतं काय? टेबलची ताकद दोन दिशांना फिरण्यात आहे आणि इथे दिशा एकच.

ती ताकद कळते ती तुलनेच्या पानावर. आमच्या साइटवर पाच स्थळांपर्यंत निवडून शेजारी शेजारी बघता येतात. वर पाच नावं, डावीकडे उंची, शिक्षण, उत्पन्न, रास, नाडी, गाव. हे टेबलच. याला डीएल करणं म्हणजे हट्ट. वरच्या नावांना टीएच आणि स्कोप कॉल (म्हणजे कॉलमचं शीर्षक), डावीकडच्या लेबलांना टीएच आणि स्कोप रो. एनव्हीडीए लावून बघा (हा पण स्क्रीन रीडर, फुकट आहे, विंडोजवर चालतो, त्यातल्या ईस्पीक आवाजाला मराठी येतं, यंत्रासारखं का होईना), टी दाबलं की टेबलावर उडी, मग कंट्रोल-ऑल्ट धरून बाण दाबत गेलं की नाडीच्या ओळीतून आडवं जाता येतं, आणि कॉलम बदलला की त्या कॉलमवरचं नाव आधी ऐकू येतं आणि मग "मध्य" की "अंत्य" ते. खाली गेलं की लेबल बदलतं, नाव तेच राहतं. नाडी एक असली की पुढचं बघायचंच नाही असं मानणारे पुष्कळ आहेत, पटो न पटो, त्यांना त्या एका ओळीतून सरकायचं असतं, आणि ही सोय डीएलमध्ये कुठून येणार. तिथे पाच याद्या ऐकून डोक्यात जुळवणी करत बसायचं.

आणि मग कुणीतरी हेच टेबल फोनवर "रिस्पॉन्सिव्ह" करायला जातं. टेबल, ओळी, सेल, सगळ्यांना डिस्प्ले ब्लॉक, आणि प्रत्येक सेलच्या आधी सीएसएसमधून लेबल चिकटवलेलं. दिसतं झक्कास. पण डिस्प्ले बदलला की ब्राउझर त्याला टेबल मानायचं सोडून देऊ शकतो, आणि मग टीएच-स्कोप करून घेतलेली सगळी मेहनत पाण्यात. त्यापेक्षा टेबलाभोवती एक डिव, त्याला आडवा स्क्रोल, कीबोर्डने पोचता यावं म्हणून टॅबइंडेक्स शून्य, आणि त्याला एक नाव. आडवं सरकवावं लागतं म्हणून लोक नाक मुरडतात, मुरडू दे, तुलना करणाऱ्याला सरकवायचंच असतं.

लेबल टॅगबद्दल बोलायलाच हवं कारण तो नावामुळेच बदनाम होतोय. लेबल हा टॅग फॉर्मसाठी आहे, इनपुट, सिलेक्ट, टेक्स्टएरिया असल्या गोष्टींना नाव द्यायला. नोंदणीच्या फॉर्ममध्ये "उंची" ला लेबल टॅग बरोबर, कारण त्यावर क्लिक केलं की कर्सर त्या डब्यात जातो. पण तीच उंची बायोडेट्याच्या पानावर नुसती दाखवताना लेबल टॅग लावला तर तो कशालाच जोडलेला नसतो, नुसता लटकतो. बऱ्याच कोडमध्ये हे असंच सापडतं कारण एडिट पेजवरून कॉपी केलेलं असतं. आणि डिसेबल केलेले इनपुट तर त्याहून वाईट, टॅबने तिथे जाता येत नाही, लांब मजकूर डब्यात कापला जातो, रंग फिका पडतो, सिलेक्ट करून कॉपी करायला गेलं तर धड होत नाही. दाखवायचं असेल तर दाखवा ना, फॉर्म कशाला.

दुसरं टोक म्हणजे प्रत्येक लेबलाला हेडिंग करणारे. एचफोर उंची, एचफोर वर्ण, एचफोर गण. स्क्रीन रीडर वापरणारा माणूस एच दाबत हेडिंगवरून हेडिंगवर उड्या मारत पानाचा अंदाज घेतो, त्याला तीस हेडिंग ऐकवून काय मिळवलं? हेडिंग सेक्शनला द्या.

हे सगळं नुसतं शौक म्हणून नाही. वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या नियमावलीचा १.३.१ हा निकष, सगळ्यात खालच्या ए पातळीचा, म्हणजे किमान एवढं तरी करा असा, तो हेच सांगतो की जे नातं डोळ्यांना दिसतंय ते कोडमधूनही कळलं पाहिजे. आणि आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, आयएस १७८०२ नावाचं भारतीय मानक आहे, सरकारी साइट्ससाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. वाचतं कोण हा भाग वेगळा.

तारीख आणि आकड्यांबद्दल. बायोडेट्यात "१५ मार्च १९९७" असं देवनागरी अंकात लिहिलेलं असतं, छान वाटतं, तसंच ठेवायचं. पण जावास्क्रिप्टला "१५" दिलं आणि म्हटलं याचा नंबर कर तर तो म्हणतो हा नंबरच नाही. मजकूर म्हणून सॉर्ट केलं तर "१०" हे "९" च्या आधी येतं. म्हणून टाइम हा टॅग, दिसायला "१५ मार्च १९९७" आणि आतल्या डेटटाइममध्ये (स्क्रीनवर न दिसणारी, मशीनसाठीची जागा) इंग्रजी अंकांत वर्ष-महिना-दिवस. जन्मवेळेलाही तोच, "पहाटे ४ वाजून १० मिनिटं" असं मजकुरात आणि आत ०४:१० हे इंग्रजी अंकांत. उंची आणि उत्पन्नाला डेटा नावाचा टॅग आहे, फार कमी लोक वापरतात, मजकुरात "१२ लाख" आणि व्हॅल्यूमध्ये बारावर पाच शून्यं. या दोन टॅगांची भानगड मजेशीर आहे, २०११ मध्ये एचटीएमएलच्या स्पेसिफिकेशनमधून टाइम काढून त्याच्या जागी सगळ्यासाठी डेटा आणला होता, लोकांनी इतका आरडाओरडा केला की टाइम परत घ्यावा लागला, आणि आता दोघंही सुखाने नांदतायत. जाता जाता, ब्राउझरला मराठी लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) देऊन नंबर फॉरमॅट करायला सांगितलं तर तो आपणहून देवनागरी अंकात "१२,००,०००" देतो, हिंदी लोकेलला मात्र इंग्रजी अंक देतो. आपल्याला बरंय.

पत्रिकेचं मात्र मला अजून पूर्ण समाधान नाही. रास, नक्षत्र, चरण, गण, नाडी हे डीएलमध्ये आरामात बसतं. पण ती चौकोनातली कुंडली, बारा घरं आणि त्यात ग्रह, ती सगळे स्कॅन करून फोटो म्हणून चिकटवतात आणि आल्ट टेक्स्टमध्ये (चित्राऐवजी वाचला जाणारा मजकूर) "कुंडली". दृष्टी नसलेला बाप मुलीसाठी स्थळ बघत असेल तर त्याला काय कळलं? मी चित्राखाली छोटं टेबल देते, घर, रास, ग्रह, बारा ओळी. काही घरांत ग्रह नसतो तिथे "रिकामं" असं लिहिते. काकांच्या एका गुरुजींनी ते बघून "हे तर चित्रापेक्षा लवकर वाचता येतंय" म्हटलं, तेवढं पुरे. पण हा डेटा भरायला माणूस लागतो आणि मंडळाकडे माणसं कमी, त्यामुळे किती पत्रिकांना टेबल मिळेल ते बघू.

मग कुणीतरी विचारतंच, "स्कीमा लावलं का?" स्कीमा डॉट ऑर्ग हे पानावरची माहिती सर्च इंजिनला नीट कळावी म्हणून गूगल, बिंग आणि याहूने २०११ मध्ये सुरू केलेलं प्रकरण, त्यात पर्सन नावाचा प्रकार आहे, जन्मतारीख आहे, उंची पण आहे, जेसन-एलडीमध्ये (मशीनसाठी माहिती लिहायचा फॉरमॅट) टाकलं की सर्च इंजिनला सगळं आयतं. रेसिपीला लावा, पुस्तकाला लावा, दुकानाच्या पत्त्याला आणि वेळांना तर लावाच. बायोडेट्याला अजिबात नाही. एखाद्या मुलीची जन्मतारीख, जन्मवेळ, वडिलांचं नाव, मामाचं गाव हे मशीनला वाचायला सोपं करून सगळ्या जगासमोर ठेवणं म्हणजे चोराच्या हातात किल्ली. तिथे लॉगिन, नोइंडेक्स (सर्चमध्ये हे पान घेऊ नका अशी सूचना), आणि फक्त मंडळाच्या सभासदांना दिसेल एवढं. डीएल आणि टाइम टॅग पानाच्या आत राहतात, पानच बंद दाराआड असेल तर हरकत नाही. मंडळाच्या ऑफिसचा पत्ता आणि वेळ मात्र पब्लिक पानावर आहे, त्याला स्कीमा लावलंय. आणि ॲड्रेस टॅग पण तिथेच, कारण तो टॅग कुठल्याही पत्त्यासाठी नसून त्या पानाच्या किंवा लेखाच्या संपर्कासाठी असतो, मामाच्या पत्त्याला तो लावायचा नाही.

तपासायचं कसं, तर डब्ल्यूथ्रीसीचा व्हॅलिडेटर डीएलमधली चुकीची रचना लगेच पकडतो, ॲक्स या टूलमध्ये डीएल आणि डीटी-डीडीसाठी वेगळे नियमच आहेत, लाइटहाउस पण तेच वापरतं. पण ही टूलं फक्त लिहिलेलं व्याकरणात बसतं का ते सांगतात, निवड बरोबर का ते नाही. सगळा बायोडेटा डिव-स्पॅनमध्ये लिहिला तर एकही टूल तक्रार करणार नाही. आणि डीएल सगळीकडे सारखा ऐकू येतो असंही नाही बरं का, कुठल्या ब्राउझरबरोबर कुठला स्क्रीन रीडर आहे त्यावर अवलंबून कुणी "यादी, इतके आयटम" म्हणतो, कुणी आयटम वेगळे मोजतो. काही जण एवढ्यावरून डीएल टाळा म्हणतात. मला पटत नाही, कारण सगळ्यात वाईट तऱ्हेने ऐकू आला तरी तो आधी लेबल मग माहिती याच क्रमाने येतो, वेगवेगळ्या ओळीत येतो, आणि स्क्रीन रीडर सुधारले की आपोआप सुधारतो. स्पॅन कधीच सुधारणार नाही.

राहिली अपेक्षा. काकांना ती पण बाकीच्यांसारखीच हवी होती, लेबल आणि समोर उत्तर, "वय: २७ ते ३२", "उंची: ५ फूट ८ च्या वर", "शहर: पुणे, मुंबई", कारण त्यावर सर्च फिल्टर चालवायचाय. तेवढं डीएलमध्ये दिलं, आकडे डेटा टॅगात. पण खरे लोक अपेक्षेत असं काहीच लिहीत नाहीत. "मुलगा निर्व्यसनी असावा, घरचे समजूतदार असावेत, मुलीची नोकरी चालू राहील हे आधीच स्पष्ट सांगितलेलं बरं, शेती असल्यास आनंदच पण आम्ही मागे लागणार नाही." याला कुठलं लेबल देणार? काका म्हणाले "इतर अपेक्षा" असं डीटी कर. केलं असतं, पण हे कशाचं उत्तर नाहीये, बोलणं आहे, आणि वाचणारा ते तसंच, सलग, दोनदा वाचतो. वर एचटू "अपेक्षा", खाली साधा पॅरेग्राफ, आणि त्याच्या खाली तो आकड्यांचा छोटा डीएल. काकांनी बघितलं, म्हणाले, "चौकट?" सीएसएसमध्ये एक ओळ टाकून चौकट काढून दिली.